आत माणसं बसलीत

आमच्या साडूंनी आजवर एकाही माणसावर विश्वास ठेवलेला नाही. जिवंतांवर तर नाहीच, पण मेलेल्यांवर त्याहून नाही. जिवंत माणूस निदान समोर असतो, त्याला उभं करून दोन प्रश्न विचारता येतात. मेलेला मात्र गपगुमान पडून राहतो आणि त्याच्या नावानं नातू-पणतू वाटेल ते ठोकून देतात, असं त्यांचं म्हणणं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला 'पाव्हणं' म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पाव्हणंच. घरच्या माणसाला घरातलं सगळं दाखवावं लागतं, पाहुण्याला नाही, हा त्यामागचा हिशेब असावा असा माझा संशय आहे. बघा, त्यांच्या संगतीत राहून मलाही ती सवय लागली.

नोकरी त्यांनी गंगाखेडला एका हायस्कुलात गणित शिकवण्यात काढली, पण नाव झालं ते परीक्षेच्या भरारी पथकामुळं. पथकाची जीप फाट्यावर दिसली की परीक्षा केंद्राच्या मागच्या खिडक्यांखाली चिठ्ठ्यांचा सडा पडायचा म्हणतात. मोज्यातून, चपलेच्या तळव्यातून, पाण्याच्या बाटलीच्या लेबलाखालून ते कॉपी काढायचे. एकदा तर हात मोडलेल्या पोराच्या बँडेजमधून त्यांनी भूगोलाचा अख्खा धडा काढला, आणि मग हात खरंच मोडलाय की नाही याचीही खात्री करून घेतली. मोडला होता. तरी ते पोराला म्हणाले, "कशानं मोडला ते सांग आधी." निवृत्त झाल्यावर एवढी तयार झालेली नजर घेऊन माणसानं जायचं कुठं? ती इतिहासावर जाऊन पडली. आपल्या मुलखातल्या विसरलेल्या माणसांवर एक पुस्तक लिहायचं त्यांनी मनावर घेतलं आणि तेव्हापासून ते लिहीतच आहेत. पुस्तकाचं नाव काय, हे त्यांनी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, कारण नाव फुटतं. "पाव्हणं," ते मला एकदा अगदी जवळ येऊन म्हणाले, "इतिहासातली निम्मी माणसं कॉपी करून पास झालेली हायत. सुपरवायझर फितूर, दुसरं काय."

त्यांचा नियम साधा होता. कुठल्याही माणसाला पुस्तकात घ्यायचं तर त्याच्या बाजूनं दोन साक्षी हव्यात, आणि त्या दोन साक्षींची एकमेकांशी ओळख नको. निजामाच्या काळातल्या एका तहसीलदाराचे कागद उर्दूत होते. भाषांतर करून देणारा मधल्या मधी काय खातो कुणास ठाऊक, म्हणून साठीच्या पुढं गेल्यावर हा माणूस मौलवीसाहेबांपुढं मांडी घालून अलीफ-बे शिकला. कागदांच्या झेरॉक्स काढायच्या तर पहिलं पान स्टेशन रोडला, दुसरं बसस्टँडवर, तिसरं आणखी कुठं, म्हणजे कुणा एका दुकानदाराला सगळा विषय कळायला नको. मशीनमध्ये अडकून चुरगळलेली प्रतसुद्धा ते मागून घ्यायचे. शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात, तेही थोडंफार लिहितात. ते गच्चीवर वाळवण राखायला बसले तरी अण्णांना वाटायचं, यांचं लक्ष पापडावर नाही, आपल्या खिडकीवर आहे. आपल्या गैरहजेरीत कुणी कागद हलवतंय का, हे कळावं म्हणून ते प्रत्येक गठ्ठ्यावर ज्वारीचा एक दाणा ठेवायचे. एका सकाळी सगळेच दाणे गायब झाले. चार दिवस ते प्राध्यापकांशी बोलले नाहीत. मग दिवाणाखाली उंदराची लेंडी सापडली, तर म्हणतात, "ते ठीक हाय. पण उंदीर कुणी सोडला?"

आता ही खोली. परभणीत वसमत रोडच्या बाजूला त्यांचं घर आहे. खाली पुढची एक मोठी खोली, तिला लागून न्हाणीघर, मागं स्वयंपाकघर, आणि झोपायच्या खोल्या वर. ही पुढची खोली मुळात आल्यागेल्याला बसायची होती, पण तिथं आलेगेले बसायचे दिवस केव्हाच संपले, तिथं गेलेलेच तेवढे बसले होते. प्रत्येक माणसाचे कागद फडक्यात बांधलेले, त्या गाठोड्याला अण्णा जुन्या पद्धतीनं बस्ता म्हणायचे. आणि फडकं म्हणजे आक्कांची जुनी लुगडी आणि पातळं. माझ्या मेव्हणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. ज्या माणसाच्या दोन्ही साक्षी जुळल्या त्याला आक्कांच्या पातळाचा तुकडा मिळायचा. ज्याच्यावर संशय, तो वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला, दिवाणाखाली. दिवाणावर एका गावचे देशमुख बसलेले, त्यांच्या दोन बायका दोन लोडांवर, आणि दोघींत भांडण नको म्हणून मध्ये एक जाडजूड शब्दकोश. तहसीलदारसाहेब पार समोरच्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर, कारण देशमुखाशी त्यांचं शेताच्या धुऱ्यावरून हयातभर वाजलेलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला हा पसारा वाटेल, पण अण्णांच्या लेखी ती पंगत होती. कुणाच्या शेजारी कुणी बसायचं, हे त्यांनी डोकं शिणवून ठरवलं होतं. मला आत घ्यायचे ते पिशवी आणि चपला बाहेर ठेवून, आणि बसायला रंगाचा रिकामा डबा, कारण बाकी सगळ्या जागा भरलेल्या. निघताना पिशवी उघडून दाखवायची. एकदा तिच्यात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता, तर झाकण काढून वास घेऊन मगच परत दिला.

आक्का चहा घेऊन यायच्या त्या उंबऱ्यापर्यंतच. "तिथंच थांब, आत माणसं बसलीत," अण्णा आतून म्हणायचे आणि बांधावरून चालावं तसे एकेक पाऊल टाकत येऊन कप घ्यायचे. आक्कांच्या हातात कधीही केरसुणी निघेल ही त्यांना धास्ती. आक्काही काही कमी नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून त्या पातळांवरूनच आतल्या मंडळींची चौकशी करायच्या, "त्या निळ्या इरकलीतल्याचं काय झालं? लागला का पत्ता?" पण एका बाबतीत त्यांचं अण्णांशी कायम बिनसलेलं होतं. आक्कांचं माहेर राणीसावरगावच्या वाटेवरचं एक खेडं. तिथल्या शिवारात जुनी बारव, पायऱ्यांची विहीर, आहे. गावात सांगतात की मेंढरं राखणाऱ्या एका बाईनं दुष्काळात आपला सगळा कळप विकून ती बांधली. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, नुसती 'बारवेची बाई'. बारवेत एक झिजका दगड आहे, त्याच्यावर मेंढरू कोरलंय. अण्णांनी तिचे कागद जमवले आणि वर्तमानपत्रात बांधून दिवाणाखाली सरकवले. "दगडावर मेंढरू हाय, बाई कुठंय?" ते म्हणाले, "मेंढरानं बांधली आसंल." यावर आक्का उंबऱ्यावरून जे बोलल्या ते मी रंगाच्या डब्यावर बसून ऐकलंय. "माझ्या माहेरची बाई दिवाणाखाली," त्या म्हणाल्या, "आन् तो दोन बायकांचा दादला दिवाणावर."

गेल्या साली आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने जिना चढायचा नाही, खालीच खोली हवी आणि न्हाणीघर लागून हवं. तशी खोली घरात एकच होती. हॉस्पिटलच्या कॉटवर आक्का अण्णांना शांतपणे म्हणाल्या, "त्या खोलीत माझ्यापुरती जागा होत आसंल तर शनिवारी घरी येते. न्हाईतर धाकटीकडं सेलूला जाते. तिचं घर सगळं खालीच हाय." धाकटी म्हणजे आमची ही. आक्का चिडल्या असत्या तर मला एवढं वाटलं नसतं. पण त्यांचा आवाज रोजच्या भाजीला काय करू विचारण्यासारखा होता, आणि आता सेलूला आल्या तर परत जायचं नाव लवकर काढणार नाहीत हे आम्हा दोघांनाही कळलं. अण्णांनी आधी आक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाहेर आल्यावर म्हणतात, "पाव्हणं, तुमचं घर खालीच हाय हे तिला कुणी सुचवलं?"

तर आम्ही दोघं नवरा-बायको खोली रिकामी करायला लागलो. सगळी मंडळी वरच्या खोलीत न्यायची होती. अण्णांनी वरच्या खोलीचा नकाशा काढला आणि एकेकाला स्वतः उचलून नेऊ लागले. एक बस्ता वर न्यायचा, तो कुठं तोंड करून ठेवायचा याचा विचार करायचा, खाली येऊन दारात उभं राहून आम्ही मधल्या वेळात काय केलं याचा अंदाज घ्यायचा, की मग दुसरा. या चालीनं दिवाळी उजाडली असती. शुक्रवारी दुपारी ते आक्कांचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेले आणि मी बाह्या सावरल्या. उरलेले सगळे बस्ते भराभर वर नेले आणि चांगले रंगवार लावले, हिरव्यात हिरवे, निळ्यात निळे. आमची ही प्रत्येक तुकडा ओळखत होती, "हे आक्काच्या डोहाळजेवणाचं, हे माझ्या साखरपुड्यात नेसलेलं." काम बघून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दुकानात लावतात तशा फळ्या लागल्या होत्या.

अण्णा आले. वर गेले. मी कौतुक ऐकायला मागून गेलो तर ते जिन्याच्या तोंडाशी भिंतीला धरून उभे. देशमुख आणि तहसीलदार एकाच हिरव्या पातळाचे दोन तुकडे निघाले होते आणि मी त्यांना खांद्याला खांदा लावून बसवलं होतं. दोन्ही सवती त्यांच्या मांडीवर. शब्दकोश कुठं गेला ते मला आता आठवत नाही. अण्णांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मला आपल्या मोज्यात काही आहे की काय असं वाटलं. "पाव्हणं," ते म्हणाले, "खरं सांगा. तुमाला कुणी पाठवलं?"

आणि त्यांनी एकेक बस्ता उचलून परत खाली आणायला सुरुवात केली. देशमुख पुन्हा दिवाणावर. सवती लोडांवर. मी समजावून पाहिलं, हात जोडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आमची ही कंबरेला पदर खोचून उभी राहिली. ती सहसा त्यांच्यापुढं बोलत नाही. "दाजी, राहू द्या मग," ती म्हणाली, "आक्काला मी उद्या सेलूला घेऊन जाते. तुमी आन् तुमची माणसं सुखानं ऱ्हावा." एवढं बोलून ती राग काढायला दिवाणाखालचं झाडायला वाकली, आणि केरसुणीसोबत वर्तमानपत्रात बांधलेला तो गठ्ठा बाहेर आला.

"ही आमची बारवेची बाई ना?" ती गठ्ठ्यावरची धूळ पदरानं पुसत म्हणाली. "आक्कानं लग्नाच्या दिवशी निघताना हिच्याच पायरीवर लोकर ठेवली होती. तुमी जीपमधी बसून हॉर्न वाजवायला लावला होता."

अण्णांच्या हातात तहसीलदार होता, तो तसाच राहिला. "लोकर कशाची?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कळलं ते असं. त्या गावची लेक नांदायला निघाली की गाडीत बसण्याआधी बारवेत उतरते आणि पहिल्या पायरीवर चिमूटभर लोकर ठेवून पाणी डोळ्याला लावते. का ठेवतात, ते गावात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. नवरदेवाला तर मुळीच नाही. बायकांचं काम ते. माझ्याही लग्नात हिनं ठेवली असणार, मी जीपमध्ये झोपलो होतो.

"तुला कुणी सांगितलं?" अण्णांनी सवयीनं विचारलं.

"सांगायचं काय? मी आक्काचा हात धरून उतरले होते की खाली."

अण्णा रंगाच्या डब्यावर बसले. त्या डब्यावर मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं. मग ते बोलले ते आमच्याकडं न बघता. "मला वाटलं होतं, पोरगी बारवेकडं गेली ती... तिच्या मनात हे लगीन नसंल. म्हणून मी हॉर्न वाजवायला लावला."

आमच्या हिनं तोंडाला पदर लावला. मला हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. "अण्णा, एवढी वर्षं?" मी म्हणालो. "एकदा विचारायचं नाही का त्यांना?"

"विचारलं आसतं," ते म्हणाले, "आन् तिनं खरं सांगितलं आसतं, तर?"

लोकांच्या बँडेजमधून भूगोल काढणारा माणूस हा. जिल्ह्यातल्या यच्चयावत मेलेल्यांची झडती घेतली आणि घरातला एक प्रश्न मात्र उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. आम्ही दोघं मागं स्वयंपाकघरात गेलो.

शनिवारी सकाळी पुढं येऊन बघतो तर खोली मोकळी. मंडळी सगळी वर गेली होती, कशी नेली ते त्यांचं त्यांना माहीत. दिवाणावर धुतलेली चादर, उशीला अभ्रा, आणि अण्णा खोलीच्या मधोमध हातात खुर्ची घेऊन उभे. मला वाटलं, संपलं काम. पण ते आता आक्कांची पंगत लावत होते. गोळ्यांचा डबा उजव्या हाताला, कारण डावा खांदा आक्कांचा धरतो. दिवाणाचं तोंड अंगणातल्या जास्वंदीकडं, रस्त्याकडं नाही. आमच्या हिची खुर्ची उशाशी. स्वतःच्या बहिणीची, म्हणजे आक्कांच्या नणंदेची, खुर्ची पार दाराजवळ, पंख्याचं वारं लागणार नाही अशी. समोरच्या भिंतीवरचा एक फोटो काढून ठेवलेला, त्यात मधोमध ती नणंदच होती.

"यांचं जमत न्हाई," अण्णा खुर्ची सरकवत म्हणाले.

"आक्का काही बोलल्या का?"

"ती बोलंल कशाला? मी बघायलो की इतकी वर्षं."

आणि खिडकीच्या कट्ट्यावर, आक्कांचा हात पोचेल अशा जागी, वर्तमानपत्रात बांधलेला तो एक गठ्ठा होता. बाकी सगळी इतिहासातली माणसं वर, ही एकटी खाली. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ह्यांचं पटतं."

"आणि दुसरी साक्ष?"

"घरात होती. मीच धरली न्हवती."

दुपारी आक्का वॉकर टेकत टेकत आल्या. त्या खोलीचा उंबरा ओलांडताना क्षणभर थांबल्या, सवयीनं. मग आत आल्या, दिवाणावर बसल्या, सगळीकडं नजर फिरवली, दाराजवळची खुर्ची बघून ओठ दाबून हसल्या. मग खिडकीतल्या गठ्ठ्यावर नजर गेली. तेवढ्यात अण्णा चहा घेऊन आले. स्वतः केलेला, कपाच्या बशीत अर्धा सांडलेला. आले ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. आत यावं की नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

"ती लोकर," अण्णा तिथूनच म्हणाले, "कशासाठी ठेवली होतीस?"

आक्कांनी आमच्या हिच्याकडं बघितलं. हिनं मान खाली घातली. "सासरचं पाणी गोड लागावं म्हणून ठेवत्यात," आक्का म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी काय काढलंय ते?"

अण्णा कप धरून उभे. मग ज्या आवाजात त्यांनी कुण्या पोराला कधी प्रश्न विचारला नसेल, अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग, लागलं का?"

आक्कांनी आधी पाय नीट लांब केला, पदर सारखा केला, आणि मग दिवाणावर आपल्या शेजारी हातानं जागा पुसली. "चहा गार व्हायलाय," त्या म्हणाल्या. "आत या. कुणी बसलेलं न्हाई." अण्णा आले. बांधावरून चालतात तसेच, एकेक पाऊल जपत आले, आता पायाखाली काही नव्हतं तरी. ते बसल्यावर आक्का म्हणाल्या, "आन् त्या बाईला कापड द्या आधी. कपाटात वरच्या फळीवर माझा शालू हाय."

"लग्नातला? तो फाडायचा?"

"फाडायचा कशाला? अख्खाच गुंडाळा."

परवा गेलो होतो. आक्का आता काठीशिवाय चालतात, जिनाही चढू शकतील असं डॉक्टर म्हणतात, पण खोली बदलायचा विषय दोघंही काढत नाहीत. पुस्तक अजून चालूच आहे, नाव अजून कळलेलं नाही. खिडकीत शालूतली बाई बसलेली असते आणि तिच्यावर ज्वारीचा दाणा नसतो. दुपारच्याला अण्णा वरून खाली येतात, चहा करतात आणि उंबऱ्यावर येऊन थांबतात. आक्का 'या' म्हणेपर्यंत आत येत नाहीत, आणि आक्काही मुद्दाम थोडा वेळ लावतात. निघताना मी नेहमीसारखी पिशवी उघडून त्यांच्यापुढं धरली. त्यांच्या दोन्ही हातांत कप होते. "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," ते म्हणाले आणि आक्कांच्या खोलीकडं वळले. पिशवीत आक्कांनी दिलेल्या तिळाच्या पोळ्याच तेवढ्या होत्या. पण झडती न देता त्या घरातून बाहेर पडलो ते पहिल्यांदाच, आणि बसस्टँडपर्यंत मला आपलं काहीतरी मागं राहिल्यासारखं वाटत राहिलं.